पांढरीचे कंद

कॅमस या रानकंदाच्या कुरणात निळ्या फुलांमध्ये मधूनच पांढरीही उगवतात. निळीचा कंद खड्ड्यात भाजला की रताळ्यासारखा गोड लागतो. पांढरीचा खाल्ला तर माणूस मरतो. मातीखाली दोन्ही कंद दिसायला सख्खे भाऊ. म्हणून आम्ही नेझ पर्स या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीच्या बायका फुलं असतानाच पांढरी मुळासकट उपटून कडेला टाकतो आणि निळी वाळली की बिनघोर खणतो.

यंदा माझी भाची रोझलिन पहिल्यांदा खणणार होती. मुलीचे पहिले कंद म्हाताऱ्या माणसांना द्यायचे, स्वतः एकही चाखायचा नाही. लिओटा आजी वर्षभर त्याचीच वाट बघत होती. डॉक्टरांनी हिवाळ्यातच हात टेकले होते, पण ती तग धरून राहिली, ती या टोपलीसाठी.

"मऊ भाज गं, दात उरले नाहीत," आजी म्हणाली.

"मग चावून देऊ का?"

"आगाऊ कार्टी!"

टोपली भरत आली, तेवढ्यात गॅरेट आला. कुरण सरकारी झाल्यापासून राखणीला हाच. हसतच म्हणाला, "तुम्ही ती बिचारी पांढरी फुलं उपटून टाकली होतीत ना? आम्ही सगळी परत लावली. इथेच, कुरणभर!"

आमचे हात जागच्या जागी थांबले.

"अरे, विचारायचं तरी होतंस!" मी ओरडले. "विष आहे ते!"

"झाडालाही जगायचा हक्क असतो. आणि असं उपटणं नियमात बसत नाही खरं तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या आज्या-पणज्यांनी हे कुरण तांदळासारखं निवडून ठेवलं, आणि हा आम्हाला नियम शिकवतो! झाडाला हक्क. आजीला काय?

"ओत ते," आजी रोझलिनला म्हणाली.

रोझलिन टोपली सोडेना. "यातले बरेचसे चांगले असतील ना गं?"

"कुठले ते सांग. लगेच खाते."

रोझलिनने टोपली उपडी केली आणि रडायला लागली. गॅरेट घाईघाईने कंद गोळा करायला वाकला. "फेकू नका हो, मी लावतो परत."

"लाव बाबा," आजी म्हणाली. "फुलले की मला दाखवायला ये. त्या टेकडीवर असेन मी."

"नक्की येईन!" तो खूश होऊन म्हणाला.

त्या टेकडीवर आमचं कबरस्तान आहे.