गुणाजी तांडेलाच्या चार गुंजा

गुणाजी तांडेल बंदरावरच्या ओट्यावर बसला की बाळकुमातली माणसं घरचा रस्ता विसरत. बायका पोरांना धाडत, "जा, बापाला बोलाव." पोरं तिथंच रमत. मग बायका स्वतः येत आणि कमरेवर हात ठेवून उभ्याच राहत.

गुणाजी सांगे, "एकदा असा वारा सुटला, का शिडाचा पडाव अजून खाडीच्या तोंडाशी आणि पडावाची सावली काल्हेरला पोचलेली. सावलीतून मीठ उतरून घेतलं आम्ही, मग पडावाची वाट बघत बसलो."

"आणि त्या जिताडा माशाचं काय, तांडेल?"

"त्याचं नको विचारू. त्याच्या मिशीला आम्ही अख्खा पावसाळा पडाव बांधून ठेवलेला."

"जिताड्याला मिशी असते होय?"

"नसते. म्हणून तर सांगतोय. असती तर त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

लोक समजतात, गोष्ट सांगायला तोंड लागतं. तोंड काय, कावळ्यालाही आहे. गोष्ट सांगायला बूड लागतं. एका जागी घडीभर ठाम बसता आलं, तरच वारा सुटतो, सावली पुढे धावते, मासा मिशीला ताव देतो. आणि गुणाजीचं नेमकं बूडच मोडलेलं होतं.

मिठाचा पडाव हाकताना डोलकाठी तुटून त्याच्या माकडहाडावर आली, त्याला वर्षं लोटली. हाड कसंबसं सांधलं, कळ मात्र मुक्कामाला राहिली. उभं राहिलं तर ती उभी राही, आडवं झालं तर शेजारी आडवी होई, आणि बसलं की डोक्यावर बसे. बायको लक्ष्मी होती तोवर शेक-लेप झाले. ती गेल्यावर एका वैदूनं अफूची गोळी दिली आणि कळ पहिल्यांदा दाराबाहेर जाऊन बसली. तेव्हापासून ठाण्याच्या बाजारातल्या सरकारमान्य दुकानातून गुणाजी अफू आणी. सकाळी थोडी, दिवेलागणीला थोडी. तिनं त्याला कधी नशा दिली नाही. दिलं ते फक्त बसणं.

पुढे स्वराज्य आलं. सरकारनं ठरवलं की देशात अफूबाज नकोत. एकदम तोडली तर माणसं मरतील, म्हणून ज्याला त्याला परवाना द्यायचा, त्यावर त्याच्या रोजच्या अफूचा आकडा गुंजांच्या वजनात लिहायचा आणि दर साली त्यातून थोडी थोडी कापत न्यायची. दहाएक वर्षांत अफूही संपेल आणि अफूबाजही. बेत चांगला होता. सरकारी बेत असतातच चांगले.

नाव नोंदवायला गुणाजी ठाण्याला गेला. बरोबर माजिवड्याचा काळुराम होता, एकाच पडावावर वाढलेला त्याचा दोस्त. काळुरामला काडीचं दुखणं नव्हतं. सणासुदीला गंमत म्हणून चाटायचा, एवढंच. कारकुनानं विचारलं, "रोज किती?"

"बारा गुंजा," काळुराम म्हणाला आणि मोठी जांभई दिली.

मग गुणाजीचा नंबर लागला. मागे ओळखीपाळखीची माणसं रांगेत उभी. आपल्याला कोणी अफूबाज म्हणू नये, एवढंच त्याच्या मनात. ज्यानं जन्मभर माशाला मिशा लावल्या, त्यानं मान ताठ करून खरं ते सांगितलं. "चार गुंजा. तेही कंबर दुखते म्हणून."

"दुखतं म्हणून लिहिलं तर डॉक्टरचा दाखला लागेल, आणि बरं वाटेपर्यंतच मिळेल. व्यसन लिहू?"

गुणाजीनं मागच्या रांगेकडे पाहिलं. कारकुनानं व्यसन लिहिलं.

बाहेर आल्यावर काळुराम कपाळावर हात मारून म्हणाला, "गुण्या, येड्या, कापणार हायेत ते! वाढवून नाय का सांगायचं? सगळ्या गावाला थापा मारतोस आणि सरकारपुढं हरिश्चंद्र होतोस?"

दर साली कातर चालली. चाराच्या साडेतीन झाल्या, साडेतिनाच्या तीन, आणि तशीच उतरत गेली. कळ तेवढी कमी होईना. तिला परवाना वाचता येत नव्हता. पूर्वी गुणाजी सावलीतून मीठ उतरवून, पडाव बंदराला लावूनच उठे. आता पडाव खाडीच्या तोंडाशीच राही आणि गुणाजी ओठ चावत ओटा धरून उठे. माणसं तिथंच अडकत. एकदोनदा थांबली, मग थांबेनाशी झाली.

त्यातच परवान्याची गोष्ट फुटली. गिरणीत लागलेला रघु एका संध्याकाळी हसत म्हणाला, "अरे, ह्या गोष्टी तांडेल नाय सांगत, त्याची गोळी सांगते."

माणसं हसली. रघु काही वाईट पोरगा नव्हता. पण गुणाजीला वाटलं, कोणीतरी आपलाच पडाव आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर करून नेला. त्या दिवशी तो कळ येण्याआधीच उठला.

पुढे तो घरीच आडवा असे. शेजारची रखमाबाई भाकरी ठेवून जाई. तिच्या घरी सुनांचा गोंधळ, ती उंबऱ्यातूनच विचारी, "भावजी, बरं हाय ना?" आणि उत्तराआधी निघून जाई. लेक शेवंती कल्याणला दिलेली. गाडीत बसून तिच्याकडे जाणं आता जमत नव्हतं, आणि तिला सहा लेकरं. आढ्याकडे बघत गुणाजी स्वतःलाच गोष्ट सांगून बघे. पण स्वतःला थाप मारण्यात काय गंमत? "मिशी असते होय?" असं विचारायला कोणी नको?

शेवटी गुणाजीनं काळुरामकडे निरोप धाडला, तुझ्या बारातल्या काही उरत असतील तर दे. काळुराम स्वतःच बैलगाडी घेऊन आला. गाल बसलेले, डोळ्यांना पाणी. खोट्या सांगितलेल्या बारा गुंजा वाया जाऊ नयेत म्हणून खाता खाता तो खरा अफूबाज झाला होता.

"मलाच पुरत नाय रे," तो म्हणाला. "चल, डॉक्टरला सांगू वाढवून द्या म्हणून. आणि ह्या वेळी तरी दुखतं म्हणू नकोस. सांग, मी पक्का व्यसनी, नाय मिळाली तर पिसाट होईन."

गाडीत पालथा निजून गुणाजी ठाण्याला गेला. परवाने तपासणारा डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्यानं विचारलं, "काय त्रास होतो?"

गुणाजीनं काळुरामकडे पाहिलं. पिसाट व्हायचं त्याला जमेना. "बसता येत नाय, साहेब," तो म्हणाला. "बाकी काय नाय. संध्याकाळी थोडं बसता यावं."

डॉक्टरनं त्याला तपासलं, परवाना उलटून पाहिला. आकडा एका गुंजेवर आलेला बघून त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही तर जवळजवळ सुटलात की! इतक्या थोडक्यावर आलेला माणूस या भागात दुसरा नसेल. अभिनंदन."

"पण कंबर..."

"कंबरेला चोळायचं तेल देतो, पुड्या देतो. आकडा वाढवायची सोय नाही, आजोबा, तो खालीच जातो. थोडी कळ सोसा. आणखी दोन-तीन वर्षांत अगदी मोकळे व्हाल." आणि त्यानं मनापासून हात जोडले.

येताना गुणाजी पुन्हा गाडीत पालथा निजला. काळुराम मध्येच एकदा म्हणाला, "अभिनंदन, म्हणे." बैल चालत राहिले.

तेल चोळून झालं, पुड्याही खाऊन झाल्या. मग गुणाजीनं वेगळंच ठरवलं. त्यानं गोळी घेणंच थांबवलं. डबीत साठवू लागला. ते दिवस त्यानं कसे काढले, ते त्याच्या चटईनंच पाहिलं. तिच्या काड्या त्यानं दातांनी तोडल्या होत्या. जुन्या चार गुंजांतली संध्याकाळची गोळी होईल एवढं साठलं, तेव्हा त्यानं रखमाबाईला सांगितलं, "वहिनी, आज मी ओट्यावर बसणार म्हणून सांग सगळ्यांना."

माणसं आली. पुष्कळ आली. रघुही आला. साठवलेली गोळी घेऊन गुणाजी बसला, आणि कळ जुन्या ओळखीनं उठून दूर जाऊन बसली. त्याचा आवाज लागला. मासा नाही, वारा नाही, त्यानं घडलं तेवढंच सांगायला घेतलं. ज्यानं खरा आकडा सांगितला तो उपाशी राहिला आणि ज्यानं खोटा सांगितला तो त्या आकड्याएवढा व्यसनी झाला. दुखणं तसंच ठेवून औषध कापणारं सरकार. कळवळणाऱ्या माणसाला हात जोडून अभिनंदन करणारा डॉक्टर.

माणसं हसून हसून लोळली.

"तांडेल," रघु डोळे पुसत म्हणाला, "आजवर एवढी मोठी थाप मारली नव्हतीस."

"थाप नाय रे, रघु."

यावर तर आणखीच हशा उठला. एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. मग कोणाला सकाळपाळी होती, कोणाला भरती गाठायची होती. माणसं तेच तेच बोलत, हसत पांगली. "अभिनंदन!" असं कुणीतरी वळणावरून ओरडलं.

रखमाबाई मागे राहिली होती. "भावजी, उठायला हात देऊ?"

"नको. अजून दुखत नाय."

"मग मी जाते. पोरं जेवायची हायेत." आणि ती गेली.

खाडीचं पाणी चढत होतं. कंबर अगदी शांत होती. आणखी एक गोष्ट सहज झाली असती, लांबलचक, पडाव बंदराला लावून संपणारी. गुणाजीनं ओट्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग हात मांडीवर ठेवून तो तसाच बसून राहिला. बसता येत होतं तोवर उठणं त्याच्या जिवावर आलं होतं.