अंगठा दिसतो, मुलगी दिसत नाही

मी हजेरीचं यंत्र बोलतोय. आर्णीतल्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेच्या दाराशी, चपलांच्या रॅकच्या वर मला ठोकलंय. इथली मुलं मला ‘थम’ म्हणतात. ‘थम लावला का?’ हाच इथला सकाळचा नमस्कार.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या कारखान्यात झाला. माणसं खोटं बोलतात, अंगठा बोलत नाही, असं तिथे मला शिकवलं गेलं. मी ते मनापासून मानलं. पेटीत बसून पुसदपर्यंत आणि तिथून एका मोटारसायकलच्या मागे आर्णीला येताना माझ्या मनात एकच होतं: आता एकाही मुलाचा हक्क बुडणार नाही.

या संस्थेत रक्त-लघवी तपासणारे तंत्रज्ञ तयार होतात. बरीच मुलं बँकेच्या शैक्षणिक कर्जावर शिकतात. हप्ता थेट संस्थेकडे येतो. पण त्याआधी मुलगा किंवा मुलगी खरोखर वर्गात येते, हे संस्थेने बँकेला कळवावं लागतं. ते काम माझ्यावर सोपवलं गेलं. मी हजर म्हटलं, की हप्ता सुटतो. केवढी मोठी जबाबदारी! मी फुलून गेलो होतो.

थोड्याच दिवसांत माझा भ्रम फिटला. अंकुर नावाचा एक मुलगा सकाळी वेळेवर येई, अंगठा टेकवी, मी हिरवा दिवा लावी, आणि तो चपलाही न काढता समोरच्या पानटपरीवर जाऊन बसे. संध्याकाळी येऊन पुन्हा टेकवी. माझ्या लेखी त्याच्याइतका नियमित विद्यार्थी अख्ख्या संस्थेत नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटे; पण मला तोंड दिलंय ते दोन दिव्यांचं.

आणि मैत्रेयी? ती गावाहून पहिल्या बसनं येई, सर्वांच्या आधी वर्गात बसे. शीर शोधण्यात तिचा हात इतका हलका, की बाकीची मुलं सरावासाठी तिच्याच पुढे दंड धरत. पावसाळ्यात प्रवेश झाला तेव्हा तिचा ठसा मी नीट ओळखत असे. दिवाळीनंतर कापूस फुटला. ती आई जयाबाईंसोबत वेचणीला जाऊ लागली. सुट्टीच्या दिवशी दिवसभर, आणि एरवी घरी गेल्यावर उजेड असेतो. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसत होती, वर थंडीनं कातडी फाटत होती. मला ठाऊक असलेला अंगठा उरलाच नाही. ती अंगठा ठेवी, मी लाल दिवा लावी.

मग उपाय सुरू झाले. कार्यालयातले सेवादासबाबू कधी खोबरेल आणत, कधी लिंबाची फोड.

“डोक्यावर घास वं अंगठा, तेल लागू दे,” ते म्हणत. “काल पुन्हा वेचाले गेलती का?”

“गेलती ना, बाबूजी. मायले एकटीनं किती होते?”

बाबूंनी नव्यानं ठसा घेतला. पुढच्या वेचणीनं तोही बदलला. रोज हा तमाशा दाराशी चाले, आणि त्यात कुणाच्याही लक्षात येत नसे, की जिच्या अंगठ्यासाठी धडपड चाललीय ती मुलगी इथेच उभी आहे.

शेवटी बँकेचं पत्र आलं: मैत्रेयीची हजेरी अपुरी, हप्ता रोखला आहे, या आठवड्यात खुलासा करा. हप्ता नाही तर फी नाही, आणि फी नाही तर परीक्षा नाही. वर्ष गेलं असतं. पोरीला घरी न्यावं लागेल का, हे विचारायला जयाबाई काम सोडून आल्या.

त्या सकाळी विजयमाला मॅडम रक्तातली साखर तपासण्याचं प्रात्यक्षिक घेत होत्या. मुलं एकमेकांना बोटं द्यायला कचरत होती, म्हणून प्राचार्यांनी हौसेनं स्वतःचं बोट पुढे केलं. सुई मैत्रेयीनं टोचली. बोटावर कापसाचा बोळा दाबतच प्राचार्य बाहेर आले, मागोमाग मॅडम आणि मैत्रेयीही. प्राचार्य जयाबाईंना समजावू लागले, की आपल्या हातात काही नाही. यंत्र तिला गैरहजर दाखवतंय, आजही दाखवतंय.

“सायेब, पोरगी तुमच्या पुढं उभी हाय,” जयाबाई म्हणाल्या. “त्या डबड्याले कायले इचारता?”

मला मुळीच राग आला नाही. इतक्या महिन्यांत माझ्याविषयी कुणीतरी खरं बोललं होतं.

ठसा उमटत नसेल तर प्राचार्यांनी सही करून कळवावं, हे बँकेच्या नियमात आहे, असं मॅडमनी सांगितलं. तो नियम प्राचार्यांना माहीत होता. पण उद्या चौकशी झाली, तर सही त्यांची सापडेल, यंत्राची नाही. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

“सर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “गैरहजर मुलीनं तुमच्या बोटातून रक्त कसं काढलं?”

सेवादासबाबूंना हसू आलं; ते त्यांनी खोकल्यात लपवलं. प्राचार्यांनी बोळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेन मागितलं. बोट दुखत असल्यानं सही जरा वाकडी आली, पण आली. हप्ता सुटला. मैत्रेयी पहिल्या सत्राच्या परीक्षेला बसली.

तेव्हा मला कळलं, की मला इथे का ठोकलंय. चोरी पकडायला नव्हे. ‘हिला मी पाहिलंय’ एवढं एक वाक्य स्वतःच्या नावानं लिहायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून. एवढ्या शिकलेल्या माणसांना एका वाक्याची एवढी भीती वाटावी? अंकुर अजून टपरीवर आहे आणि त्याच्याविषयी बँकेचं पत्र कधीच आलं नाही.

आता माझ्या काचेवर चरे पडलेत, धूळ बसलीय. वेचणी संपत आलीय. उन्हाळ्यात मैत्रेयीची बोटं भरून येतील आणि मी तिला पुन्हा ओळखू लागेन. रोज हिरवा दिवा लागेल. तेव्हा कुणीतरी नक्की म्हणेल, बघा, आता पोरगी नियमित येऊ लागली. शेवटी मशीनच बरोबर.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाच्या हाती सहीचं पेन असेल, तर त्या दिवशी असं म्हणणाऱ्याला थांबवा. मला शाबासकी देऊ देऊ नका. मैत्रेयी हिवाळ्यातही रोज येत होती.