सहावर सात

बाबा मला भिंग म्हणायला लागले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लाडाने नव्हे हं. एका चांदीच्या नाण्यावरचा बुटका सात मी साधा सात म्हणून सांगितला, तर त्यांनी पितळी भिंगाची दांडी माझ्या बोटांवर हाणली आणि म्हणाले, "भिंग हो जरा. भिंगाला मन नसतं. असेल तेच दाखवतं." तेव्हापासून मी घरात भिंगच. आईसुद्धा "अगं भिंग, दार लाव" म्हणायची. आता एकावन्न वर्षांची आहे, नाव तेच.

बाबांचं सगळं आयुष्य नाण्यांवरच्या सालांत गेलं. राजाचा चेहरा, मुकुट, वेलबुट्टी, कशाचं म्हणून कौतुक नाही. नाणं हातात आलं की आधी साल. जुन्या टांकसाळीत साल बदललं की नवा ठसा कोरायचा कंटाळा करायचे, जुन्यावरच नवा आकडा ठोकून मोकळे. कुठे आकडा तिरका बसायचा, कुठे दोनदा पडायचा, कुठे नव्याच्या मागून जुना डोकावायचा. असे एकशे बारा प्रकार बाबांनी शोधून ठेवले होते. एकच जागा रिकामी होती, सहावर सात. साताच्या पायामागे सहाचं पोट दिसणारं नाणं. कुणा कारागिराच्या टिपणात ते पाडल्याचं लिहिलंय, पण बघितलेला माणूस नाही. बाबा चाळीस वर्षं त्याच्या मागे होते.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. पार गेले, उजेड-अंधारसुद्धा कळत नाही. मग मी नकाशांच्या ऑफिसातली नोकरी सोडली आणि त्यांचे डोळे झाले. रोज सकाळी खिडकीपाशी टेबल, त्यावर काळं फडकं, दिवा अगदी खाली, उजेड आडवा. नाणं कडेने धरायचं, हळूहळू फिरवायचं आणि दिसेल ते मोठ्याने सांगायचं. मग त्याचं कार्ड लिहायचं. चार खण भरले कार्डांनी. त्या कार्डांवरून बाबांचं पुस्तक आता छापायला जाणार होतं आणि मला एकच गोष्ट हवी होती. त्यावर बाबांच्या नावाखाली माझं नाव. मागितलं मात्र नव्हतं. मागितलेली वस्तू त्यांनी जन्मात कुणाला दिली नाही.

रविवारी दादा आला. माझा थोरला भाऊ, टायरचं दुकान आहे त्याचं. नाणं आणि बटण शेजारी ठेवलं तर बटण उचलेल असा गडी. त्याच्यासमोर बाबा म्हणाले, "पुस्तकावर माझ्या खाली ह्याचं नाव टाकायचं ठरवलंय."

दादा आधी दचकला, मग हसला. "माझं? बरं, टाका की."

"आणि मी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तू काय? तू वाचून दाखवतेस." बाबा चहा फुंकत म्हणाले. "चष्म्याचं नाव कुणी छापतं का?"

दादा खो खो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप उचलले, आत गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. इतकं रडले की गळा बसला.

सोमवारी सकाळी नवं पुडकं आलं, साठेक नाणी. बाबांनी नेहमीसारखं ते मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं, एकेक माझ्याकडे सरकवायला लागले. माझा आवाज घोगरा होता. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"साधं. साधं. बुटका सात. साधं."

बाविसाव्या-तेविसाव्या नाण्याला उजेड आडवा पडला आणि साताच्या पायाच्या दोन्ही बाजूंना बारीक गोलाई उठून दिसली. मी नाणं फिरवलं. गोलाई तिथेच. सहाचं पोट! वर त्याच्या शेपटीचा टोकदार तुकडासुद्धा. चाळीस वर्षं ज्याच्यासाठी हा माणूस झुरला ते माझ्या चिमटीत होतं आणि तो समोर बसून कान खाजवत होता.

चष्मा काय! थांबा, दाखवते चष्मा.

"साधं," मी म्हणाले.

बाबांचा हात थांबला. "नीट बघ."

"बघितलं."

"दिवा खाली घे."

"खालीच आहे. साधं आहे, बाबा. स्वच्छ सात."

"बरं," ते म्हणाले आणि पुढचं नाणं सरकवलं. मी हातातलं साध्यांच्या वाटीत टाकलं. खरं सांगते, त्या क्षणी इतकं बरं वाटलं की पुढची चाळीस नाणी मी गात असल्यासारखी वाचली.

साधी नाणी बाबा घरात ठेवत नसत. ती गल्लीपलीकडच्या सोनाराकडे जायची, आटवायला. ते स्वतः यायचे बरोबर, काठी एका हातात, माझं कोपर दुसऱ्या हातात. मंगळवारी तसेच गेलो. सोनाराने मुशीत नाणी ओतली. माझं लक्ष त्या एकाच नाण्यावर. ते सगळ्यांच्या वर पडलं होतं, सालाची बाजू वर. नुसता हात पुढे करायचा अवकाश होता.

"लावू का आच?" सोनाराने बाबांना विचारलं.

"मला काय विचारता? हिला विचारा. वाचलीत तिने."

सोनार माझ्याकडे बघायला लागला. दादाचं ते हसणं आठवलं.

"लावा," मी म्हणाले.

बाबा हलले नाहीत. आचेकडे तोंड करून उभे राहिले, घाम गळत होता तरी. सोनार म्हणाला, "झालं पाणी," तेव्हा त्यांनी माझं कोपर सोडलं. घरापर्यंत काठीनेच आले, दोनदा ठेचकाळले, पण मला हात लावू दिला नाही.

खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "तेविसावं होतं ना गं?"

मी तांब्यातून पाणी ओतायला लागले.

"अकरा वर्षं होतं माझ्याकडे. डोळे असताना मिळालं. दाढीच्या डबीत ठेवलं होतं, पुस्तक पुरं होईपर्यंत तुझ्या हाती लागू नये म्हणून. काल पुडक्यात मीच घातलं. कडेला खाच आहे, अंगठ्याला कळते."

"मला दिसलं होतं," मी म्हणाले. "शपथ, बाबा, बघताक्षणी ओळखलं मी!"

"माहीत आहे. तुझा श्वास अडकला होता, ऐकला मी. ओळखलं नसतंस तर चाललं असतं. चुकणाऱ्याला शिकवता येतं."

"तुम्ही दादाचं नाव—"

"दादाचं! त्या टायरवाल्याचं!" ते हसले. "तुला आग लागावी म्हणून बोललो. आग लागल्यावरही असेल तेच वाचतेस का, एवढं बघायचं होतं. सोनाराच्या दारापर्यंत वाट बघितली. म्हटलं, आता तरी बोलेल."

"मग तुम्ही का नाही अडवलंत? तुमचं होतं ते! चाळीस वर्षं—"

"मी कशाला अडवू? वाचणारी तू."

त्यांनी उशीखालून घडी घातलेला कागद काढला. छापखान्यातून नमुन्याला आलेलं पुस्तकाचं पहिलं पान. मी भाजी आणायला गेले असताना कधीतरी छापखानेवाला देऊन गेला असणार.

"वाच."

मी वाचलं. पुस्तकाचं नाव. त्याखाली बाबांचं. त्याखाली माझं. भिंग नव्हे, माझं खरं, पूर्ण नाव, त्यांच्याइतक्याच मोठ्या अक्षरात. दोनदा वाचलं.

बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. "असंच लिहिलंय?"

"असंच लिहिलंय, बाबा."

"कशावरून?"

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले, दुधाळ, नुसते उघडे.

"चार खण कार्डं आहेत," ते म्हणाले. "नऊ वर्षांची. त्यात कितीदा चिडली होतीस, मला काय ठाऊक? कुठल्या दिवशी खरं वाचलंस, कुठल्या दिवशी उट्टं काढलंस? आता एकाही कार्डावर माझा विश्वास नाही आणि तपासायला डोळे नाहीत. संपलं पुस्तक."

"बाबा, एकदाच. देवाशपथ, एकदाच केलं."

"फाड ते पान."

मी हुंदके देत होते. त्यांना ऐकू येत होतं, तरी ते शांत बसून राहिले, पुडकं येण्याची वाट बघावी तसे. शेवटी मी फाडलं.

"फाडलंस?"

"हो."

"दे इकडे."

मी दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले. त्यांनी फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, खरंच फाडलंय का ते बघायला.