उंबर होता तिथून शंभर मीटर

चीज करणाऱ्या गवळ्यांच्या सहकारी संस्थेला वेबसाइट सांभाळायला माणूस हवा होता. त्याला साधं लिहिता यावं, फोटो नीट लावता यावेत, शोधणाऱ्याला हवं ते सापडेल अशी मांडणी जमावी आणि शिळा मजकूर ओळखता यावा, असं जाहिरातीत होतं. खाली पत्ता: सातवा रस्ता, बारावा चौक, इमारत चाळीस. तो मी पाठ केला होता, आणि बरंच झालं, कारण कार्तागोहून येताना बसमध्येच माझ्या फोनने मान टाकली. त्या फोनचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तुरियाल्बाला उतरून लाल टॅक्सी केली आणि पत्ता म्हणून दाखवला. टॅक्सीवाले दॉन मिनोर यांनी गाडी सुरू करण्याआधी मला नीट निरखलं. असा रस्ता ह्या गावात नाही, म्हणाले. असलाच तर त्यांना कुणी कळवलेलं नाही. मग मी चीजवाल्यांच्या संस्थेचं नाव घेतलं.

"असं बोला ना. उंबर होता तिथून शंभर मीटर दक्षिणेला, मेलेल्या राफाच्या खानावळीसमोर, गुलाबी घर."

उंबर माझ्या जन्माआधीच पडलेला. खानावळीच्या जागी औषधांचं दुकान. घर हिरवं. पण त्यांनी मला अगदी दारात उतरवलं.

आत दोन्या ओदिली, म्हणजे ओदिलीबाई, रिकाम्या खुर्च्यांसमोर बसल्या होत्या. संस्थेचं सगळं त्याच बघायच्या. शेजारी गुळाच्या गरम पाण्याची भली मोठी किटली होती. त्यातलं एक भांडं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि आजकालच्या पोरांना नोकऱ्या नकोच असतात, असं मलाच सुनावलं. बोलावलं होतं ढीगभर पोरांना, आलो मी एकटा. मी मान हलवली.

कौशल्यं विचारल्यावर मी जाहिरातच जरा फिरवून म्हणून दाखवली. त्या कंटाळल्या.

"हे सगळेच सांगतात, ग्रेविन. तिथे बसा आणि आपल्या साइटवर एक तरी वाक्य असं लिहा, की ते वाचून माणूस काहीतरी करेल. आजवर कुणी काही केलेलं नाही. बघतात आणि जातात."

मी संगणकापुढे बसलो. साइट राजधानीतल्या कुठल्याशा कंपनीने नवी करून दिली होती. जे अस्तित्वात नाही ते त्यांनी शिळं म्हणून काढून टाकलं होतं: उंबर, राफा, गुलाबी रंग. पत्त्याशेजारी नकाशा होता. त्यात खूण होती ती नदीपलीकडे, बैलांच्या गोठ्यावर.

म्हणजे पोरांना नोकरी हवी होती. पोरं गोठ्यात उभी होती.

आता माझी पंचाईत बघा. मी चीजवर दोन गोड ओळी लिहिल्या असत्या, तर एकुलता एक उमेदवार म्हणून नोकरी माझीच होती. आणि मला ती हवी होती. घरी मी ती मिळाल्याचं सांगूनही टाकलं होतं. पण ह्या साइटवर वाचून कुणी काही करेल असं वाक्य एकच होतं, आणि ते वाचून जे येणार होते ते सगळे माझ्याहून हुशार असायची दाट शक्यता होती.

मी गुळाचं पाणी संपवलं. पुन्हा घेतलं. मग नकाशा काढून टाकला आणि लिहिलं: 'मुलाखतीला आलेल्यांनी बैलांकडून परत फिरावं. उंबर होता तिथून शंभर मीटर दक्षिणेला, मेलेल्या राफाच्या खानावळीसमोर, गुलाबी घर (आता हिरवं).' आणि 'प्रसिद्ध करा' दाबलं.

थोड्याच वेळात दार उघडलं. पहिली आली योर्लेनी, गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत आपल्या कामाचे नमुने. तिच्यामागे बाकीचे. गावातल्या ज्या कुणाला त्यांनी माझी ओळ वाचून दाखवली, त्याने हात करून वाट दाखवली होती. त्यांनी मला संगणकापुढे बसलेला पाहिलं आणि ओळीने माझे आभार मानले. एकाने तर माझा हातच धरून ठेवला. बैलांबद्दल त्याला बोलायचं होतं.

मी सगळ्यांना गुळाचं पाणी दिलं, बसवलं. योर्लेनीने विचारलं, सुरुवात करायची का. मी हो म्हणालो आणि तिला तिची कौशल्यं विचारली. तिला माझ्यापेक्षा पुष्कळ येत होतं. मी तिचे नमुने दोन्या ओदिलींकडे सरकवले आणि खरं तेच सांगितलं, की हिला घ्या.

त्यांनी नमुने पाहिले, मग खुर्च्यांकडे पाहिलं. एकही रिकामी नव्हती.

"हिला नमुने दाखवता येतात," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचा नमुना पायांनी चालत आलाय. उठू नका तिथून."

योर्लेनीला कळलं तेव्हा तिने नमुने परत काखेत मारले.

"म्हणजे तुम्हीही मुलाखतीलाच आला होता? आणि आम्हाला बोलावलंत?"

हो म्हणालो.

"वेडे आहात," ती म्हणाली, आणि चिखल वाळेपर्यंत बसून चीजच्या फोटोंना कोणता आकार बरा दिसतो ते मला शिकवत राहिली.