हिरव्या तेलाची भूक

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे. जाड पत्र्याचं पोट, एक धुराडं आणि सदा उघडं तोंड, एवढाच माझा संसार. एका वर्कशॉपमध्ये माझे पत्रे वाकवले, जोडले, आणि दोन बहिणींनी मला आपल्या कारखान्यात आणलं. बियांच्या तेलापासून गाड्यांसाठी डिझेल बनवायचं, हे त्या कारखान्याचं काम. त्यासाठी लागणारी वाफ मी पुरवायचो.

सुरुवातीला मोठं कौतुक झालं. थोरली पाहुण्यांना सांगत होती, "जमिनीतलं तेल नको, झाडाचं घ्या. हवा स्वच्छ राहील." टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाठ करून फोटो काढले. मला त्याचं काही वाटलं नाही.

तेलबियांची झुडपं माळावर आपोआप वाढतील, असा बहिणींचा अंदाज होता. ती वाढलीही, पण पाण्याशिवाय बी धरेनात. मग ओढ्यावर पंप बसला. तो डिझेल प्यायचा. ट्रॅक्टरही डिझेल प्यायचा. खताचा ट्रक लांबून यायचा. आणि मी लाकूड खायचो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशी सगळी गत. शेजारच्या उतारावरची सगळी झाडं माझ्या पोटात गेली. तिथेही झुडपं लागली. ओढ्याला बोटभर धार उरली.

एका सकाळी माझ्या तोंडात ओले ओंडके आले. ते पेटेनात, नुसते फुसफुसत राहिले. कारखाना सांभाळणारी धाकटी धावत आली.

"हे कुठलं लाकूड?"

"ओढ्याच्या उगमावरच्या राईतलं," माझी आग राखणारा कामगार म्हणाला. "मोठ्या बाईंनीच सांगितलं. दुसरं सरपण राहिलंच नाही."

धाकटीने विस्तव बाहेर ओढायला लावला. तेवढ्यात थोरली आली.

"वेड लागलंय का तुला? टँकर दारात उभा आहे!"

"ताई, जेवढं तेल बनवतो त्याहून जास्त आपणच जाळतोय."

"म्हणजे मी इतकी वर्षं लोकांशी खोटं बोलले?"

"खोटं नाही गं. अर्धंच मोजलं आपण."

थोरलीने एका ओंडक्याला हात लावला. बोटांना चीक चिकटला. तिने बोटं पुसली. मग बाहेर गेली आणि तिने टँकर रिकामा परत पाठवला.

राईतली निम्मी झाडं वाचली. उतारावर आता पुन्हा झाडं लावली आहेत. ओढा मात्र अजून भरलेला नाही. बहिणी उपाहारगृहांतलं वापरून झालेलं तेल गोळा करतात आणि त्याचंच थोडं डिझेल बनवतात. त्याला लागते तेवढी ऊब छपरावरच्या सौर पॅनेलांतून मिळते. तेल थोडंच निघतं, त्यावरून दोघींचे अजून खटके उडतात. माझी गरज उरली नाही. मी मागच्या अंगणात गंजतो आहे.

मित्रांनो, मला पुन्हा पेटवायचं झालं तर खुशाल पेटवा. यंत्राला राग नसतो आणि लाजही नसते. माझ्या तोंडात जे घालाल ते मी निमूट जाळीन. म्हणून स्वच्छ तेल कुणी हातावर ठेवलं, तर ते बनवताना काय काय जळलं, हे तुम्हीच विचारा. मी कधीच विचारलं नाही.