कवडूची तांब्याची टाकी

"आता मी जे सांगून राह्यलो, थे तुमच्यातला एकही जण मानणार नाई. मानूही नोका. मले काई फरक पडत नाई!" कवडू आपल्या ओट्यावरून गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला.

फरक पडत होता. इतका, की बिचाऱ्यानं बिडी उलट्या टोकाकडून पेटवली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

हिंगणघाटच्या त्या गल्लीत गिरणीचा भोंगा झाला, की माणसं कवडूच्या ओट्यावर येऊन बसत. वर्षानुवर्षांचा रिवाज. दिवसभर कवडू सरकीच्या तेलाच्या टाक्या धुवायचा, आत उतरून तळाचा चिकट गाळ खरवडायचा, आणि संध्याकाळी गोष्टी सांगायचा. वाघाच्या एका मिशीवर त्यानं अख्खा उन्हाळा काढला होता. पण अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात समोरच्या घरचा प्रेमदास मुंबईहून सुटीवर आला, आणि सगळी बैठक गल्ली ओलांडून त्याच्या ओट्यावर जाऊन बसली.

मोतीलालशेठ तिकडं गेला, ते समजण्यासारखं होतं. दुकानदार माणूस, नवा माल दिसला की हात लावून पाहणारच. लहानूचं काय, जो सुपारी देईल त्याचा तो. पण धुरपता! कवडूची लग्नाची बायको! तुरीच्या डाळीचं सूप घेऊन ती प्रेमदासच्या पायरीवर बसली आणि पाखडायचंच विसरली. सूप मांडीवर, तोंड उघडं. कवडूच्या गोष्टीला तिचं सूप आजवर एकदाही थांबलं नव्हतं.

बरं, प्रेमदासाला सांगता तरी येत होतं का?

"सरकारी कारखान्यात एक टाकी होती," तो म्हणे. "अणूच्या कामातलं उरलेलं पाणी तिच्यात साठवत. आता थे टाकी कायमची बंद करायची होती. पाणी उपसलं, पण तळाशी गाळ चिकटून राह्यला. दिसाले साधा चिखल, पण त्याच्यातून किरणं निघत. जवळ गेलेला माणूस आतून नासे. म्हणून नळानं गरम तेजाब सोडलं, ढवळलं, गाळ विरघळवून ओढून घेतला. असं पुन्हा पुन्हा केलं. मंग सिमेंट भरून टाकी बुजवून टाकली."

"अन् तू काय करत होता गा?" लहानूनं विचारलं.

"भिंतीआड उभा राहून नळाची चावी फिरवत होतो."

संपलं! ना भूत, ना वाघ, ना एखादी राणी. चावी फिरवत होतो म्हणे! तरी धुरपता काय म्हणाली? "माय व! किती जोखमीचं काम, प्रेमदासभाऊ!"

कवडूला वाटलं, तेजाब आपल्याच पोटात सोडलं. आपण जन्मभर टाकीत उतरतो, तेव्हा ही म्हणते, "अंगणातच आंघोळ करा, वास येते." अन् हा भिंतीआडून चावी फिरवतो, तर जोखमीचं!

म्हणून आज तो ओरडला होता. पलीकडच्या ओट्यावरच्या माना वळल्या.

"काय मानणार नाई गा, कवडूभाऊ?" मोतीलालशेठनं विचारलं.

"हेच, का असली टाकी म्याही धुतली. माह्या टाकीपुढं प्रेमदासची म्हणजे लोटा!"

"कधी?"

"मांगच्या साली मी रोहण्याले मामाकडं गेलतो ना? गेलतोच नाई! सरकारची जीप आली. साहेब म्हणे, कवडूजी, गुप्त काम आहे, घरी सांगू नोका."

लहानू उठून आला. मागोमाग शेठ आला. कवडूनं त्यांच्याकडं पाह्यलंही नाही. त्याचा डोळा समोरच्या पायरीवरच्या सुपावर होता.

"टाकी कशी, तं इथून वेणा नदीपर्यंत. अन् गाळाची किरणं अशी, का वरून पोपट उडाला तं भाजूनच खाली पडे. मुकादम काठावर उभा राह्यला, तं सदऱ्याआडून त्याच्या पोटातली भाकर दिसे."

"जवारीची का गव्हाची?" लहानूनं विचारलं.

"जवारीची. संग ठेचा."

हशा पिकला. धुरपताही हसली, पण जागची हलली नाही. उलट प्रेमदासच उठला आणि कवडूच्या ओट्यावर येऊन बसला. "दादा, मंग तेजाब कोणतं वापरलं?" त्यानं अगदी मनापासून विचारलं. या मनापासून विचारण्यानंच कवडूची आग आणखी भडकली.

"तेजाब? विलायती तेजाबं सगळी हरली! मी म्हटलं, साहेब, बाजूला व्हा. अंबट चुका आणा."

"चुका?" पलीकडून धुरपता म्हणाली. "भाजीतला चुका?"

"भाजीतलाच!"

ती उठली. सूप घेऊन गल्ली ओलांडून आली आणि आपल्या ओट्यावर, आपल्या नवऱ्यासमोर बसली. कवडूचा आवाज आपोआप वर चढला.

"सेलूकडून बैलबंड्यामागं बैलबंड्या भरून चुका आला. गुळाच्या कढयांत उकळला अन् दिला ओतून. गाळ असा फसफसला, का साहेबलोक झाडावर चढले. मी मात्र भिंतीआड लपलो नाई," इथं त्यानं प्रेमदासाकडं पाह्यलं, "कमरेले कासरा बांधून आत उतरलो. अन् टाकी काई लोखंडाची नव्हती बरं. तांब्याची!"

"तांब्याची!" धुरपता पुढं झुकली. सूप थांबलं.

कवडूनं ते थांबलेलं सूप डोळे भरून पाह्यलं. इथं गप्प बसला असता, तर बैठक त्याची, बायको त्याची, हिवाळाही त्याचाच होता. पण जिंकलेला माणूस गप्प कसा बसेल?

"तुराट्याच्या कुच्यानं अशी घासली, अशी घासली! अन् मंग रातभर तशीच चुक्याच्या रसात सोडून देली. कोणी बोट लावलं नाई. सकाळी पाह्यतो तं काय! सोन्यावानी लखलख! साहेबानं आत वाकून मिशा विंचरल्या!"

सूप धाडकन ओट्यावर आपटलं. डाळ चहूकडं उडाली.

"खोटं!" धुरपता ओरडली. "चुका लावलेलं तांबं रातभर तसंच ठेवलं, अन् सकाळी लखलख? राखेचा हात न फिरवता? अहो, सकाळपर्यंत हिरवं कळकते थे! जन्मात एक तांब्याचा गडवा घासला असता, तं खोटं तरी धड बोलता आलं असतं तुमाले!"