चांगली केस

सकाळी वॉर्डात शिरायच्या आधीच मित्राने त्याला जिन्यात गाठलं. "सात नंबरला एक बाई आलीय. हृदयाच्या झडपेची मस्त केस. परीक्षेत हमखास विचारतात, छाती ऐकून घे."

तो मेडिकलचा, वर्गातला हुशार विद्यार्थी. सकाळी पेशंट तपासायचा, संध्याकाळी त्याच आजाराचं पुस्तक उघडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पेशंट तपासायचा, ही त्याची पद्धत. वरच्या मजल्यावरच्या खासगी खोल्यांत विद्यार्थ्यांना मज्जाव होता. शिकायचं ते खालच्या जनरल वॉर्डात. इथल्या माणसांची परवानगी कोणी विचारत नसे, आणि तीही हरकत घेत नसत.

सात नंबरभोवती शिकवणारे सर आणि पांढऱ्या कोटांचा घोळका होता. पडदा कोणी ओढला नव्हता. त्याने मान पुढे काढली आणि तो जागीच खिळला. बेडवर त्याची आत्या होती.

आई गेल्यावर कपडे शिवून त्याला लहानाचं मोठं केलं ते हिनेच. आदल्या संध्याकाळी धाप लागली म्हणून शेजारणीने तिला इथे आणलं होतं. "त्याची परीक्षा तोंडावर आलीय, कळवू नकोस," असं आत्याने बजावलं होतं. आता तिचा गाऊन कमरेपर्यंत उतरवलेला होता आणि एकेक जण वाकून तिची छाती ऐकत होता. तिने त्याला पाहिलं, मग नजर छताकडे वळवली. पोराला चारचौघांत लाज वाटू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

त्याला लाज वाटलीच. तो घोळक्याच्या मागे सरकला.

"झडपेचा आवाज बारीक आहे," सर म्हणाले. "दमवलं की वाढतो. बाई, उठा. झोपा. पुन्हा उठा."

आत्या उठत राहिली, झोपत राहिली. तिचे ओठ निळसर पडले. सरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं. "हां, आता ऐका."

"सर, बास करा," तो कसाबसा म्हणाला. "माझी आत्या आहे ती."

सरांचा चेहरा उतरला. ते काही दुष्ट नव्हते. "आधी नाही का सांगायचं? दुसरी केस घेतली असती." त्यांनी स्वतः पडदा ओढला, सिस्टरला ऑक्सिजन लावायला सांगितलं आणि घोळका नऊ नंबरकडे वळला.

त्याने आत्याच्या गाऊनची बटणं लावली. तिची धाप हळूहळू उतरली.

"कशाला बोललास? त्यांचं शिकायचं राहिलं."

"मला बघवेना गं."

"तूही असाच शिकलास ना रे?"

आवाजात ठपका नव्हता. ती खरंच विचारत होती. त्याने आठवून पाहिलं. सुजलेली यकृतं आठवली, पाण्याने भरलेली फुप्फुसं आठवली. एकाही माणसाचा चेहरा आठवेना.

दोन दिवसांनी आत्या गेली. आजारच तसा होता, असं सर म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं.

तो वॉर्डात परतला तेव्हा पोटाच्या दुखण्याची एक म्हातारी आली होती. तो तिच्याजवळ वाकला. "मावशी, तपासू का?"

ती गोंधळली. असं तिला कोणी विचारलं नव्हतं. "नको रे बाळा. सकाळपासून कितीजणांनी दाबलंय. फार दुखतंय."

"नको म्हणतायत त्या," त्याने मागे वळून सांगितलं.

"मग आपण शिकायचं कुठे?" मित्राने विचारलं.

तो बेडपाशी तसाच उभा राहिला. घोळका त्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूने म्हातारीजवळ गेला.